एकतीस मार्चचं कुलूप

जळगावात माझं ऑफिस होतं तेव्हा मार्च हा माझा सुगीचा महिना असायचा. ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि उन्हाळ्यात नुसताच आवाज करणारा कूलर. त्या खोलीत बसून मी पंचवीस वर्षं लोकांसाठी प्रोग्रॅम लिहिले. जिनिंगवाल्यांसाठी कापसाच्या गाठींचे, केळीवाल्यांसाठी ट्रकांचे, लॅबवाल्यांसाठी रिपोर्टांचे. वर्षभर रस्त्यात दिसलं की मान फिरवणारं गिऱ्हाईक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा घेऊन, जिन्याला डोकं लागू नये म्हणून वाकून, माझ्याकडे यायचं. कारण एकतीस मार्चला माझे सगळे प्रोग्रॅम बंद पडायचे. ते तसे बंद पडावेत असेच मी लिहिलेले असायचे.

ही काही माझ्या एकटीची हुशारी नव्हती. आमच्या धंद्यात छोट्या गावातला जो तो हेच करायचा. प्रोग्रॅमच्या पोटात एक तारीख लपवायची. ती उलटली की पडद्यावर चौकट येते, ‘मुदत संपली, संपर्क साधा’, आणि खाली आपला फोन नंबर. मग मी माझ्या कॉम्प्युटरवर आठ अक्षरांची नवी चावी तयार करायची, गिऱ्हाइकाने ती चौकटीत टाकायची, की पुढचं वर्ष सुरू. याला वार्षिक देखभाल म्हणतात. नाहीतर एकदा प्रोग्रॅम हाती लागल्यावर आम्हाला कोण विचारतो!

एक जिनिंगवाले शेठ मात्र फार वस्ताद निघाले. त्यांनी चावी घ्यायचंच सोडलं. एप्रिल उजाडला की ते कॉम्प्युटरचं घड्याळ मागे करायचे आणि प्रोग्रॅम बिचारा मागचंच वर्ष समजून चालायचा. पावत्यांवर जुनी तारीख छापून यायची, ती ते पेनाने खोडायचे. वर एका लग्नात मलाच सांगितलं, "मॅडम, तुमना कुलूपले आम्हना घर चावी शे." मी हसले, पण ते मला झोंबलं. आठ दिवस खपून मी नवा बंदोबस्त केला. प्रोग्रॅम ज्या दिवशी चालेल ती तारीख आत लिहून ठेवी. घड्याळ तिच्या मागे गेलेलं दिसलं की चोरी झाली असं समजून तो माहिती वाचायची आतली किल्लीच पुसून टाकी. मग वार्षिक चावीचाही उपयोग नाही, माझ्याकडचा मूळ प्रोग्रॅम घेऊन मीच जायला हवं. शिवाय माहितीतलं अक्षर न् अक्षर मी माझ्या रीतीने उलटंपालटं करून ठेवत असे, म्हणजे धुळ्याचे माझे प्रतिस्पर्धी ती उचलून नेणार नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये शेठ मुकाट्याने पेढे घेऊन आले. मला इतका आनंद झाला की भुसावळला जाऊन मी दादांना सगळं रंगवून सांगितलं.

दादा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून त्यांनी जन्म काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या शेडमध्ये इंजिनाचा नकाशा भिंतीवर लावलेला असायचा. ज्याच्या पाळीत इंजिन बिघडेल तो नकाशा बघून उघडायचा. साहेबाने तो घरी नेऊन ठेवला असता तर गाडी शेडमधून निघालीच नसती." मग चष्मा पुसत म्हणाले, "आपल्या माणसांना काय काय बंद होतं ते तुला माहीत आहे. पाणी बंद, पुस्तक बंद. ते उघडायला किती पिढ्या गेल्या. आणि तू शिकून काय केलंस, तर कुलूप." मला राग आला. म्हटलं, दादा, मला धंदा करायचाय. त्यांनी पेपर उघडला आणि विषय तिथेच संपला.

दादांच्या या नकाशाला आमच्या धंद्यात सोर्स कोड म्हणतात. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो वाचता येईल अशा शब्दांत. मग त्याचं यंत्राला कळेल असं रूपांतर होतं. गिऱ्हाइकाला मिळतं ते फक्त रूपांतर. त्यावरून मूळ नकाशा काढणं जवळपास अशक्य. माझे सगळे नकाशे माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि एका सीडीवर असत. तिसऱ्या माणसाने ते कधी पाहिले नाहीत. मला तो माझा शहाणपणा वाटे.

आता शोभाअक्कांबद्दल सांगते. चाळीसगावात राहणाऱ्या या निवृत्त नर्स. नोकरीत असल्यापासून त्यांच्याकडे रक्तदात्यांची वही होती. कॉलेजांच्या शिबिरांत, गावच्या जत्रांत, बसमध्ये शेजारी बसलेल्याला विचारून त्यांनी नावं जमवली होती. पार धुळ्यापासून भुसावळपर्यंत कोणाला रक्त लागलं की अक्कांना फोन यायचा. माझ्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी दोन माणसं पाठवली होती. त्या उपकाराची फेड म्हणून मी त्यांना प्रोग्रॅम लिहून दिला, अगदी मोफत. गाव टाका, गट टाका, की नावं समोर. त्यासाठी मी नवं काही लिहिलं नाही. जिनिंगचा प्रोग्रॅम घेतला, व्यापाऱ्याच्या जागी दाता केला, गाठीच्या जागी रक्तगट. सगळा सांगाडा तोच राहिला आणि त्याच्या पोटातलं कुलूपही.

मला ते माहीत होतं. काढायचा कंटाळा केला, इतकंच. दरवर्षी मार्चमध्ये मी चाळीसगावला जायचे, अक्कांकडे कळण्याची भाकरी खायचे आणि जाता जाता चावी टाकून यायचे. अक्कांना कुलूप आहे हेही ठाऊक नव्हतं. त्या एकच मागणं करायच्या, "पोरी, एक यादी कागदवर काढी दे ना." मी म्हणायचे, "अक्का, आता कागदाचे दिवस गेले." पेन ड्राइव्हवर प्रत काढून द्यायचे, तीही कुलूपबंदच. त्यांनी जुनी वही पलंगाखाली टाकली आणि नवी नावं फक्त कॉम्प्युटरमध्ये भरायला लागल्या.

मग माझं ऑफिस बंद झालं. लोक मोबाइलवरच सगळं करू लागले, माझे डोळे अधू झाले, जिन्याखालची खोली मालकाने परत मागितली. कॉम्प्युटर घरी आणून माळ्यावर टाकला. त्याच हिवाळ्यात दादा गेले. त्या मार्चमध्ये मी कुठेही गेले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास अक्कांचा फोन आला. "पोरी, हाऊ कॉम्प्युटर मुदत सरनी म्हनस. माले ओ निगेटिव्ह जोयजे, आत्तेना आत्ते." चौकटीतला नंबर माझ्या ऑफिसचा होता, तो कधीचाच बंद. त्यांनी वहीतून माझा मोबाइल शोधला होता. सोनगीरची एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. धुळ्याच्या एका दवाखान्यात बाळ झालं आणि रक्त थांबेना. त्या गटाचं रक्त त्या दिवशी कुठेच शिल्लक नव्हतं. तिचा भाऊ गोकुळ अक्कांना फोनवर फोन करत होता.

चावी तयार करायला माझा कॉम्प्युटर माळ्यावरून काढून जोडायला हवा होता. अर्धा तास तरी गेला असता. माझ्या डोक्यात आलं, कशाला वेळ घालवा. मी म्हटलं, "अक्का, उजव्या कोपऱ्यात तारीख आहे ना, ती मागे घ्या. मार्च करा. उघडेल."

दोन मिनिटांनी अक्का म्हणाल्या, "तारीख मांगे लिधी. आते ते काहीच दखाडत नही."

तेव्हा मला आठवलं. शेठांसाठी लावलेला सापळा मी बारा वर्षांत विसरून गेले होते. मीच लावला, मीच अक्कांचा हात धरून त्यात घातला.

माळ्यावरचा कॉम्प्युटर काढला. तो सुरू झाला नाही, डिस्क नुसती टकटक करत राहिली. सीडी काढली, तर तिच्या पाठीवरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटलेला. नकाशा जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. मिळेल त्या गाडीने चाळीसगावला गेले. अक्का पलंगाखालची जुनी वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकेक नंबर लावत होत्या. बरेचसे नंबर घरच्या जुन्या फोनचे. कोणी गाव सोडलेलं, कोणी वारलेलं, एकाने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. मी कॉम्प्युटरसमोर बसून माझ्याच प्रोग्रॅमला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. गोकुळचा फोन दर दहा मिनिटांनी यायचा. आधी तो "अक्का, भेटनं का?" असं विचारायचा. नंतर नुसता फोन लावून काही न बोलता थांबायचा.

भुसावळचा एक रेल्वेवाला तयार झाला. तो धुळ्याला पोचला तोवर मुलगी गेली होती. बाळ वाचलं.

डॉक्टर म्हणाले, रक्त वेळेवर मिळालं असतं तरी ती वाचलीच असती असं सांगता आलं नसतं. हे वाक्य पुष्कळांनी मला समजूत घालण्यासाठी ऐकवलं आहे. माझी त्याने समजूत पटली नाही, पटावी अशी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी अक्कांच्या घरी बसून ते कुलूप फोडायला घेतलं. हे आता कशाला, असं अक्का म्हणाल्या नाहीत. पुन्हा फोन येणारच होता. एकटीला जमेना तेव्हा भाचीने इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे जुन्या पद्धतीच्या फाइली कशा वाचायच्या यावर जगभरची माणसं बोलत होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझी अडचण लिहिली. कोण कुठला माणूस, ज्याचं नाव मला नीट वाचताही येईना, त्याने उत्तर दिलं. अशा फाइली आतल्या किल्लीशिवाय उघडायचं एक अवजार त्याने लिहिलं होतं आणि त्याचा सगळा नकाशा तिथेच मांडून ठेवला होता. कोणीही यावं, बघावं, न्यावं. मी तो ओळ न् ओळ वाचला. माझ्या उलट्यापालट्या अक्षरांसाठी त्यात बाराएक ओळी घातल्या. अकराव्या दिवशी यादी उघडली. त्या माणसाला मी विचारलं, तुमचं काय द्यायचं? त्याने लिहिलं, त्या बारा ओळी परत पाठवा, दुसऱ्या कोणाला लागतील.

याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. आमच्याकडे लोकांना वाटतं मुक्त म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे कमअस्सल. मी स्वतः वीस वर्षं हेच बोलून गिऱ्हाइकांना घाबरवत होते. खरं म्हणजे त्याचे चारच हक्क आहेत. प्रोग्रॅम कशासाठीही चालवा. आत कसा आहे ते उघडून बघा. हवा तसा बदला. मूळचा किंवा बदललेला दुसऱ्याला द्या. त्याचा लेखी परवाना प्रोग्रॅमसोबतच असतो. काही परवान्यांत एक अट असते, की तुम्ही बदल करून पुढे दिलंत तर तुमचाही नकाशा उघडा ठेवा. म्हणजे मधल्याच कोणाला कुलूप घालता येत नाही. या अटीचा ज्याने विचार केला त्याला माझ्यासारखी माणसं चांगली ओळखीची असणार.

तुम्हाला वाटेल हे सगळं संगणकवाल्यांसाठी आहे. तुमच्या खिशातल्या फोनचा पाया बहुधा लिनक्स नावाच्या प्रणालीचा आहे, आणि लिनक्सचा नकाशा उघडा आहे. शाळेत धूळ खात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर हलकं लिनक्स घाला, तो पुन्हा चालतो. मी आता धुळे जिल्ह्यातल्या शाळांमधून हेच करत फिरते. पत्रं, तक्ते, हिशेब यांसाठी लिबरऑफिस आहे, त्यात मराठी चालतं. उघड्या परवान्याचे मराठी टंक, म्हणजे फॉन्ट, आहेत, ते छापखान्यालाही चालतात. ही साधनं त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत, पेन ड्राइव्हवर फिरणारी चोरीची प्रत घेऊ नये. त्यात कोणाचं काय लपलेलं असेल सांगता येत नाही, हे मी लपवणारी म्हणून सांगते. कोड मांडून ठेवायच्या मोठमोठ्या जागा इंटरनेटवर आहेत, तिथे वाचायला कोणी अडवत नाही. प्रत्येक साधनाची पुस्तिका असते, प्रश्न विचारायचा गट असतो. विचारताना काय केलं, काय झालं, पडद्यावर नेमकं काय आलं, हे सरळ लिहावं. आणि प्रोग्रॅम लिहिता येत नसला तरी पुस्तिकेचं मराठी करता येतं. आमच्या भागातली एक शिक्षिका भांडी आवरली की रोज दहा वाक्यं करते.

यात खोटही आहे. कोणी सांभाळणारा उरला नाही की असा प्रोग्रॅमही मरतो. रात्री-अपरात्री फोन उचलायला कोणी बांधील नसतो. पण नकाशा भिंतीवर राहतो, दुसरा फिटर येऊ शकतो. माझ्याकडे तो येऊ शकत नव्हता.

अकराव्या दिवसाकडे परत जाते. यादी उघडल्यावर मी सोनगीर टाकलं, ओ निगेटिव्ह टाकलं. दोन नावं आली. दुसरं नाव एका शिक्षकांचं, बदली होऊन नुकतेच गावात राहायला आलेले. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मी त्या दिवशी घरीच होतो. मला कोणी विचारलंच नाही."

पहिलं नाव मी वाचलं, पण मला काही कळलं नाही. अक्कांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. गोकुळने त्या दिवशी बहिणीचं पूर्ण नाव सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. "हाई तीच शे," अक्का म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. अर्चना. लग्नाआधी धुळ्याच्या कॉलेजात अक्कांच्या शिबिरात तिने नाव दिलं होतं. दोन वेळा रक्त दिल्याची नोंद होती. त्यापुढे माझ्या प्रोग्रॅममधला एक रकाना आहे, उपलब्ध. त्यात होय लिहिलेलं होतं.

मी सोनगीरला गेले. जायला नको, असं घरच्यांनी सांगून पाहिलं. किल्ल्याच्या टेकडीखाली त्यांचं घर. आई बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती, तिने वर पाहिलं नाही. गोकुळने खाट टाकली, पाणी दिलं. मी त्याला सगळं सांगितलं, तारीख मागे घ्यायला मीच सांगितलं तेही. शिक्षकांचं नाव सांगितलं. अर्चनाचं नाव दाखवलं. त्याला बहिणीने रक्त दिल्याचं माहीत नव्हतं. घरी सांगितलं असतं तर आईने आकांत केला असता, म्हणून ती बोलली नसणार.

मग त्याने विचारलं, "ताई, कुलूप कसाकरता व्हतं?"

मी म्हटलं, "चोर येऊ नये म्हणून."

"मंग, उना व्हता का चोर?"

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. दादांनी पेपर उघडून जो विषय संपवला होता, तो तिथे त्या खाटेवर माझ्यापुरता पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी माझ्याकडे धंद्याचं कारण नव्हतं.

अक्कांसाठी मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. त्यात तारीख नाही, चावी नाही. नकाशा उघड्या परवान्याखाली इंटरनेटवर ठेवला आहे. दात्यांची नावं अर्थातच तिथे नाहीत. प्रोग्रॅम सगळ्यांचा, माणसांची माहिती त्यांची त्यांची. दर महिन्याला यादी कागदावर निघते, अक्का ती देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवतात. जुनी माहिती नव्यात भरताना अर्चनाची नोंद आली तेव्हा मी हात थांबवला आणि गोकुळला फोन केला. म्हटलं, हे नाव काढून टाकते.

"खोडू नका," तो म्हणाला. "तिना फोन मन्हा जोडे शे. कोनी फोन करा ते मी उचलसू. मास्तरले गाडीवर बसाडसू आनि लई जासू."

म्हणून ती नोंद तशीच आहे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला की तो तपासायला मी सोनगीर टाकते, ओ निगेटिव्ह टाकते. नावं अक्षरक्रमाने लागतात, त्यामुळे सगळ्यात वर अर्चनाच येते. समोर लिहिलेलं असतं: उपलब्ध, होय.